सडक्या वासाच्या फुलासाठी रांग, आणि तुमच्या कुंडीतला सुरण

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘जानेवारी २०२५ मध्ये सिडनीत एका फुलाचा सडक्या मांसासारखा वास घ्यायला लोक रांगा लावून उभे होते. लाखो लोक घरबसल्या मोबाइलवर बघत होते. हे वेड नक्की कशाचं? दुसरं असं, की आमच्या बाणेरच्या सोसायटीत मे महिन्यात एका जुन्या कुंडीतून जांभळट, सुरकुतलेलं, फुटबॉलएवढं काहीतरी वर आलं. वास इतका भयंकर, की सेक्रेटरींनी त्याच संध्याकाळी ते उपटून टाकायला लावलं. ते तेच फूल होतं का? आणि पुण्यात ते परत बघायला मिळेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो वाचून जीव हळहळला. ते सिडनीचं फूल नव्हतं, पण त्याचं भाऊबंद नक्की होतं. तुमच्या कुंडीत सुरण फुलला होता. आपण उपासाला काचऱ्या करून खातो तोच. कोणीतरी मंडईतून आणलेला कंद खायचा राहून गेला असेल, कोंब आला म्हणून कुंडीत खोचला असेल, आणि चार-पाच वर्षं तो गुपचूप पोसत राहिला असेल. सिडनीतल्या फुलाचं शास्त्रीय नाव अमोर्फोफॅलस टायटॅनम, आणि सुरणाचं अमोर्फोफॅलस पिओनिफोलियस. आडनाव एकच. दोघंही अळूच्या कुळातले, म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं अळूचं फतफतंही त्यांच्या नात्यातलंच.

(अमोर्फोफॅलस या ग्रीक नावाचा अर्थ ‘बेढब लिंग’ असा होतो. वर्गात सांगायची वेळ आली की मी फळ्याकडे तोंड करून सांगत असे, आणि पाठीमागे खसखस पिकत असे. निसर्गपट करणाऱ्या डेव्हिड ॲटनबरोंनाही दूरचित्रवाणीवर हे नाव वारंवार घ्यायचा संकोच वाटला, म्हणून त्यांनी सिडनीतल्या फुलाच्या जातीला ‘टायटन अरम’ हे नाव वापरलं आणि पुढे तेच रूढ झालं. तेव्हा संकोच फक्त सदाशिव पेठेतच असतो असं नाही.)

मी एका महाविद्यालयाची बाग एकतीस वर्षं सांभाळली. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, कॅन्टीनच्या भिंतीला लागून, सुरणाचे सहा-सात जुने कंद होते. एका वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तर त्या कोपऱ्यात फिनेलचा पूर आलेला, कॅन्टीनमागच्या दोन फरश्या उखडलेल्या, आणि शिपाईमामा हातात कुदळ घेऊन घाम पुसत उभे. ‘मॅडम, उंदीर मेलाय, पण सापडंना!’ कार्यालयातून लेखी सूचनाही आली होती की परिसरात मृत जनावर असल्याने बागविभागाने तातडीने शोध घ्यावा. मृत जनावर मामांच्या पायापासून वीतभर अंतरावर, फिनेलमध्ये न्हाऊन, जांभळा घुमट वर काढून बसलं होतं. ‘मामा, हा काय तुमचा उंदीर,’ म्हटलं तर त्यांचा विश्वास बसेना. वाकून वास घेतला आणि तोंडावर उपरणं दाबून चार पावलं मागे गेले. आणि मग, हे महत्त्वाचं, परत आले. परत वाकले. परत वास घेतला. पंधरा मिनिटांत कॅन्टीनमधली दोन पोरं, ग्रंथालयातल्या एक बाई आणि आमच्याच विभागाचे एक ज्येष्ठ सहकारी, सगळे ओळीने वाकून नाकं मुरडून गेले. कोणीही एकदा वास घेऊन थांबलं नाही.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या पंधरा मिनिटांत आहे. उरलेलं अर्धं समजायला मोठ्या भावाची गोष्ट ऐकावी लागेल.

टायटन अरम मूळचा इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा. तिकडे त्याला ‘बुंगा बंकाई’ म्हणतात, म्हणजे सरळसरळ मढ्याचं फूल. इटलीचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १८७८ मध्ये त्याची नोंद केली आणि बिया युरोपात धाडल्या. त्यातून उगवलेलं एक रोप लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोचलं आणि १८८९ मध्ये फुललं. लागवडीत फुललेलं हे जगातलं पहिलं टायटन. क्यूमध्येच १९२६ साली ते पुन्हा फुललं तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले होते. तेव्हा ना मोबाइल, ना थेट प्रक्षेपण. म्हणून ‘हे सगळं सोशल मीडियामुळे’ असं कोणी म्हटलं की मी १९२६ची आठवण करून देते. न्यू यॉर्कमध्ये ते १९३७ मध्ये फुललं आणि ब्राँक्स भागाने दोनच वर्षांत त्याला आपलं अधिकृत फूल करून टाकलं. पुढे २००० साली ते पद काढून डे-लिलीला दिलं. बिचाऱ्याला साठ वर्षांची नोकरी करून निवृत्त व्हावं लागलं.

झाडाचा स्वभाव सांगते, कारण वेड तिथूनच सुरू होतं. जमिनीत एक कंद असतो. दरवर्षी त्यातून एकच पान येतं, पण ते पान म्हणजे पाच-सहा मीटर उंचीचं, छत्रीसारखं पसरलेलं, लांबून झाडच वाटावं असं. ते वर्षभर उन्हाचं अन्न कंदात भरतं, मग वाळून पडतं. काही महिने काहीच नाही, नुसती माती. मग पुन्हा पान. असं सात, आठ, दहा वर्षं चालतं. कंद वजनाने पन्नास किलोच्या पुढे सहज जातो. एडिंबरोच्या उद्यानातला एक २०१० मध्ये तोलला तेव्हा १५३.९ किलो भरला. आणि मग एखाद्या वर्षी कोंब येतो तो पानाचा नसतो. तो रोज दहा-दहा सेंटीमीटर वाढतो, कधी माणसाच्या डोक्यावरून जातो, काही तर तीन मीटरपर्यंत. बागेतले लोक तो मोजत बसतात, तारखा वर्तवतात, आणि त्या चुकतात. शेवटी एका दुपारी बाहेरचा पदर सुटायला लागतो, संध्याकाळपर्यंत उघडतो, मध्यरात्रीच्या सुमारास वास शिगेला पोचतो, आणि दोन दिवसांत सगळं मिटून कोलमडतं. पुढचं फूल दोन वर्षांनी येईल की दहा, त्याचा नेम नाही.

एक दुरुस्ती मध्येच करते, नाहीतर व्हॉट्सॲपवर तुम्हीच ते चुकीचं पुढे ढकलाल. टायटनला ‘जगातलं सर्वांत मोठं फूल’ म्हणतात ते बरोबर नाही. तो फुलोरा आहे. आपण ज्याला पाकळी समजतो तो एकच मोठा छद, म्हणजे फुलोऱ्याभोवती गुंडाळलेलं एक पानच, आणि मधला दांडा म्हणजे स्थूलकणिश. खरी फुलं त्या दांड्याच्या बुडाशी, छदाच्या आत दडलेली, दाण्याएवढी, शेकडोंनी असतात. सगळ्यात मोठं एकेरी फूल रॅफ्लेशियाचं. तेही सुमात्रातलं, तेही घाण वासाचं, पण त्याला ना पान ना खोड; दुसऱ्या वेलीवर पोसणारं ते बांडगुळ आहे. दर मे-जूनमध्ये महाराष्ट्रात कुठेतरी परसात सुरण फुलतो आणि ‘कोकणात उमललं जगातलं दुर्मीळ रॅफ्लेशिया’ अशी बातमी फिरते. फोटोत सुरणच असतो.

आता वेडाकडे. लोक वासासाठी येतात असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. घाण वासच हवा असेल तर मे महिन्यात भर दुपारी एखाद्या कचरा डेपोपाशी उभं राहा, तिकीट नाही, रांग नाही. शिकागोच्या वनस्पती उद्यानात ऑगस्ट २०१५ मध्ये ‘स्पाइक’ नावाच्या टायटनला कळी आली. हजारो लोक येऊन गेले, कॅमेरे लागले, दिवस मोजले गेले, आणि स्पाइक उघडलाच नाही. ताकदच संपली होती. शेवटी उद्यानाच्या लोकांनी प्रेक्षकांदेखत त्याचा छद हाताने कापून आतलं दाखवलं. वास असा नव्हताच, तरी लोक उभे राहून बघत होते. तिथलंच दुसरं झाड, ‘ॲलिस’, पुढच्याच महिन्यात व्यवस्थित फुललं. पण मला विचाराल तर स्पाइकची गोष्ट जास्त बोलते. ‘घडेल की नाही’ हे माहीत नसताना उभं राहायला लोकांना आवडतं. क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकात सहा धावा हव्या असतात तेव्हा कोणी उठून जात नाही, तसंच.

सिडनीच्या फुलाचं नाव ठेवलं होतं पुट्रिशिया. तिथल्या शाही वनस्पती उद्यानात पंधरा वर्षांनी टायटन फुलत होतं. थेट प्रक्षेपण बघणाऱ्यांनी आपली एक परिभाषाच तयार केली. त्यातलं एक घोषवाक्य होतं, ‘आम्ही पुट्रिशियाला घाई करत नाही.’ मी ते वाचून खूप हसले, मग वाटलं, हे तर आपल्याकडच्या ब्रह्मकमळाच्या रात्रीसारखं आहे. पुण्यात जून-जुलैत कोणाच्या तरी गच्चीत ब्रह्मकमळाला (खरं तर ते हिमालयातलं ब्रह्मकमळ नव्हे, तो मेक्सिकोकडचा निवडुंग आहे, पण ते जाऊ दे) कळ्या येतात. मग ‘आज रात्री उमलणार’ असे निरोप जातात, साडेदहाला शेजारचे चपला घालून येतात, कोणी हळद-कुंकू आणतं, कोणी नातवाला झोपेतून उठवून आणतं. बारा वाजेपर्यंत कॉफीच्या दोन फेऱ्या होतात. ज्या काकूंना एरवी सोसायटीच्या मीटिंगला दहा मिनिटं बसवत नाही, त्या दीड तास एका कळीकडे बघत बसतात. इथे वास मधुर आणि तिकडे सडका, एवढाच काय तो फरक. म्हणून माझं म्हणणं, नाकाला मधे आणू नका. माणसाला बेभरवशाची, एका रात्रीत संपणारी गोष्ट एकत्र बसून बघायची असते.

तरीही वासाबद्दल बोलायलाच हवं, कारण त्यात शास्त्र फार सुंदर आहे.

टायटनचा वास हा एकच वास नाही. त्यात गंधकाची संयुगं असतात, डायमिथाइल डायसल्फाइड आणि डायमिथाइल ट्रायसल्फाइड. ही म्हणजे कुजलेला कांदा, लसूण, सडलेला कोबी. ट्रायमिथाइल अमाइन म्हणजे शिळी मासळी. आयसोव्हॅलेरिक आम्ल म्हणजे पावसाळ्यात दोन दिवस न वाळलेले मोजे. आणि त्यात इंडोलही असतं. इंडोल मोगऱ्यातही असतं! अगदी थोडं असलं की वास फुलाचा, जास्त झालं की संडासाचा. मोगऱ्याचा गजरा दुसऱ्या दिवशी पिवळा पडला की जो एक जडसा, नकोसा वास येतो, त्यात इंडोलचा हात असतो. गंधकाच्या वासाशी तर आपलं जुनं सख्य आहे. हिंगाचा खडा कोणी परदेशी माणसाला हुंगायला द्या आणि चेहरा बघा. आपण मात्र वरणाला त्याच्याशिवाय फोडणी देत नाही.

हे सगळं कशासाठी, तर मेलेल्या जनावरावर अंडी घालणारे भुंगे आणि माश्या यांना फसवण्यासाठी. नुसता वास पुरत नाही, तो पसरावा लागतो. त्यासाठी झाड स्वतःला ताप आणतं. टायटनचा मधला दांडा ३६ ते ३८ अंश सेल्सिअसपर्यंत तापतो, म्हणजे आपल्या अंगाइतका. ही उष्णता कंदात वर्षानुवर्षं साठवलेला पिष्टपदार्थ जाळून येते. साधारणपणे पेशी अन्न जाळून ऊर्जा साठवतात. इथे एक वेगळी आडवाट वापरली जाते, ज्यात ऊर्जा साठवण्याऐवजी उष्णता म्हणून सोडून दिली जाते. स्टोव्ह पेटवायचा, पण वर पातेलं ठेवायचं नाही. हा स्टोव्ह पेटवणारी काडी कोणती, हे १९८७ मध्ये याच कुळातल्या ‘व्हूडू लिली’वरच्या संशोधनात सापडलं: सॅलिसिलिक आम्ल, ॲस्पिरिनचं जवळचं नातलग. माणसाचा ताप उतरवणाऱ्या औषधाचं भावंड इथे झाडाला ताप आणतं. याहून खट्याळ योगायोग मला माहीत नाही.

हे पुस्तकातलं झालं. डोळ्यांनी बघितलेलं सांगते. फिनेलच्या प्रकरणानंतर दोन वर्षांनी त्याच कोपऱ्यात दुसरा कंद फुलला. या वेळी मी आधीपासून पाळत ठेवून होते. संध्याकाळी साडेपाचला पाच विद्यार्थी, एक प्रयोगशाळेतला थर्मामीटर, एक बॅटरी आणि एक जुनं ब्लेड एवढ्या सामानासह आम्ही बसलो. सुरणाचं फूल टायटनसारखं उंच नसतं, जमिनीलाच टेकून बसतं. बाहेरचा छद फिकट हिरवट-जांभळा, ठिपक्याठिपक्यांचा, कडेला झालरीसारखा चुण्या पडलेला. मधोमध गडद जांभळा, सुरकुतलेला घुमट, अक्रोडाच्या गरासारखा दिसणारा. थर्मामीटर घुमटाला टेकवला तर पारा हवेपेक्षा पाच अंश वर चढला. एका मुलीने तळवा नुसता जवळ नेला आणि म्हणाली, ‘मॅडम, ताप आलाय याला.’ ब्लेडने छदाला खाली दोन बोटांची खिडकी कापली आणि आत बॅटरी मारली. बुडाशी मादीफुलं, गच्च रांगेत, लांब जांभळ्या माना काढून. त्यांच्या वर पिवळसर नरफुलांचा पट्टा, अजून बंद. आणि मादीफुलांमध्ये बारीक काळसर भुंगे एकमेकांवर चढत, गोंधळल्यासारखे फिरत होते. त्यांना मांस सापडत नव्हतं आणि वास मात्र तिथेच होता.

पहिल्या दिवशी मादीफुलं तयार असतात, दुसऱ्या दिवशी नरफुलं पराग सोडतात. स्वतःचाच पराग स्वतःला लागू नये म्हणून ही व्यवस्था. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिलं तेव्हा वास जवळजवळ गेला होता आणि पराग शेवयांसारखा धाग्या-धाग्यांनी बाहेर येऊन भुंग्यांच्या पाठीवर पडत होता. तेच भुंगे उडून दुसऱ्या फुलाकडे जातात. म्हणूनच एकट्या टायटनला बी धरता येत नाही. वेळ साधून दुसऱ्या झाडाचा पराग हवा. वनस्पती उद्यानं तो जपून ठेवतात, एकमेकांना पाठवतात, आणि ज्या रात्री मादीफुलं तयार असतात त्या रात्री छदाला अशीच खिडकी पाडून ब्रशने लावतात. गर्दी बाहेर फोटो काढत असते तेव्हा आत कोणीतरी गुडघ्यावर बसून हे काम करत असतं. ते गरजेचंही आहे, कारण सुमात्रातलं जंगल तुटत चाललं आहे आणि टायटन आज धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

आपल्याकडे याच घराण्यातलं एक फूल लोक चक्क खातात. शेवळं. अमोर्फोफॅलस कम्युटॅटस. वळवाचे दोन शिडकावे झाले की घाटाखाली कर्जत, बदलापूर, कल्याणच्या बाजारात आदिवासी बायका शेवळाच्या जुड्या घेऊन बसतात. ती जुडी म्हणजे पालेभाजी नव्हे, टायटनच्याच धाटणीचे न उमललेले फुलोरे आहेत. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, कारण त्याने घसा खाजतो. बाकीचं बारीक चिरून काकड नावाच्या रानफळांच्या आंबट रसात शिजवायचं, आणि सीकेपी घरांत सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घालायचे. पुण्यातले जाणकार खवय्ये दर जूनमध्ये कर्जतहून येणाऱ्या पाहुण्याची वाट बघतात. तिकडे टायटन बघायला रांग, इकडे त्याच्या भावंडाची भाजी. खाज का येते? या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेला, घशाला टोचतात. अळवाला चिंच का घालायची, सुरण चिरताना हाताला तेल का लावायचं, हे आजीला स्फटिकांचं नाव न ऐकताही ठाऊक होतं.

पुण्यात आणि आसपास नाक मुरडायला लावणारी आणखीही फुलं आहेत, थोडक्यात सांगते. जंगली बदाम म्हणजे स्टर्क्युलिया फिटिडा. पहिल्या नावाचं मूळ लॅटिनमधल्या शेण-विष्ठेच्या शब्दात आणि दुसऱ्याचा अर्थ दुर्गंधी. नामकरण करणाऱ्याने कुठेच दया दाखवलेली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झडलेल्या फांद्यांवर त्याची विटकरी फुलं येतात आणि खालून जाणारा प्रत्येक माणूस चपलेचा तळवा तपासतो. माझ्या जुन्या गल्लीत असं एक भरदार झाड होतं. ‘ड्रेनेज फुटलंय’ म्हणून तीन वर्षं तक्रारी झाल्या, आणि झाडामुळे वास येतो हे कळल्यावर चौथ्या वर्षी फांद्या छाटायला माणसं आली. फुलं पंधरा दिवसांची, सावली बारा महिन्यांची, पण हिशोब कोण करतो! सातविणीचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात तसंच. जुन्नरजवळ शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी आहे, लालसर चांदणीसारखी, माश्यांना बोलावणारी, फक्त महाराष्ट्रात सापडणारी. आणि सह्याद्रीतली कंदीलपुष्पं, जी माशीला नळीत कोंडून ठेवतात आणि आतले केस कोमेजले की सोडतात. ही दोन्ही बघायला जायचं तर कोणा जाणत्याबरोबर जा आणि काही उपटून आणू नका.

पुण्यात टायटनच लावायचा विचार डोक्यात असेल तर तो सोडा. त्याला वर्षभर दमट, उबदार हवा लागते. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आणि एप्रिलची कोरडी दुपार, दोन्ही त्याला सोसत नाहीत; काचघर लागेल, तेही उंच. भारतात ते फुललं आहे, केरळात वायनाडच्या गुरुकुल वनस्पती अभयारण्यात, पण तिथली हवा तिथे. ऑनलाइन ‘टायटनचं बी’ म्हणून जे विकतात त्याच्या नादी लागू नका. मी हौसेने एकदा तीन बिया मागवल्या. एक कुजली, दोन उगवल्या. चार वर्षं मी त्यांना दोन खोल्यांमधून उन्हासोबत हलवत फिरले. पाचव्या वर्षी कंद काढून बघितला तर उघडउघड सुरण. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर नाही. एका कंदाची भाजी केली. बरी झाली होती.

त्यापेक्षा सुरणच फुलवा, मुद्दाम. मंडईतून किंवा मार्केट यार्डातून अख्खा कंद घ्या, तीन-चार किलोचा तरी, मोठा तितका बरा. कापलेला तुकडा नको; बेण्यासाठी शेतकरी तुकडे करतात, पण आपल्याला मधला डोळा शाबूत हवा. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये कोरड्या, सावलीच्या जागी नुसता ठेवा. पाणी नाही. एप्रिलमध्ये डोळा फुगायला लागेल तेव्हा मोठ्या कुंडीत, पाणी झटकन निचरणाऱ्या मातीत लावा. कोंब सडपातळ, टोकदार असेल तर या वर्षी पान. बुटका, जाड, भोवऱ्यासारखा असेल तर आनंद करा. पहिल्या वर्षी पान आलं तर नाराज होऊ नका. ते पान कंद पोसतं, दिवाळीनंतर वाळतं, आणि कंद आणखी मोठा होतो. वाळलेलं पान ओढून काढू नका. वाळल्यावर पाणी पूर्ण बंद, नाहीतर कंद सडतो आणि तो वास मात्र खरंच फक्त सडल्याचा असतो.

फुलायच्या आठवड्यात सोसायटीत आधी सांगून ठेवा, हा माझा अनुभवाचा सल्ला. लिफ्टजवळ कागद लावा: ‘अमुक दिवसाच्या आसपास संध्याकाळी एक दिवस वास येईल, तो सुरणाच्या फुलाचा आहे, ड्रेनेजचा नाही, बघायला या.’ मी गेल्या वर्षी असा कागद लावला. संध्याकाळी सातला बेल वाजायला लागली. चौथ्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत आले, नाकाला रुमाल लावून दोन मिनिटं उभे राहिले, घरी गेले, आणि आजींना घेऊन परत आले.

तुमच्या सेक्रेटरींवर मात्र चिडू नका; आमच्या कार्यालयाने तर लेखी सूचना काढली होती. त्यांनी फूल उपटलं म्हणजे बहुधा नुसता फुलोराच मोडून काढला असणार. कंद जमिनीत खोल असतो, तो सहजी हाताला लागत नाही. फुलोरा गेला तरी जून-जुलैत त्याच कंदातून पान यायला हवं. कुंडी टाकून दिली नसेल, तर ती कुठल्या जिन्याखाली नेऊन ठेवली आहे ते आधी शोधा.